शिंका थांबल्या, धाप थांबली नाही

(वार्षिक आभारसभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



उभे राहिल्यावर आधी आभार मानायचे असतात, आणि ते मी मनापासून मानते. दर तीन महिन्यांनी तुमची औषधांची पेटी धडगावला येते. तिथून पुढे ती जीपने जाते आणि जीपचा रस्ता संपला की कोणाच्या तरी डोक्यावरून पाड्यावर पोहोचते. पेटी उघडली की मी आणि पाड्यावरची आशाताई गोळ्यांच्या पट्ट्या मोजायला बसतो. मुदत संपलेली औषधे पाठवू नका, असे मागच्या वर्षी याच जागी उभे राहून सांगितले होते. या खेपेला तशा दोनच पट्ट्या निघाल्या. सुधारणा आहे.

पेटीत सगळ्यात जास्त काय असते, ठाऊक आहे? ॲलर्जीच्या गोळ्या. सिटीरिझीन, लिव्होसिटीरिझीन, ती बारीकशी सीपीएम. त्या स्वस्त असतात, प्रत्येकाच्या घरी असतात आणि उरतातही. आज मी त्या गोळ्यांबद्दलच बोलणार आहे. थोडे अवघड वाटेल, पण ते आधी माझ्याबद्दल आहे, तुमच्याबद्दल नंतर.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आश्रमशाळेत शिकणारी एक मुलगी, तेरा वर्षांची. सुटीत घरी आली होती. सकाळी उठली की वीस-वीस शिंका, डोळे चोळून लाल, नाक सतत वाहते. आमच्या शिबिराला त्या दिवशी डॉक्टर येऊ शकले नाहीत. मी धर्मशास्त्राची पदविका घेतली आहे, समाजकार्य केले आहे, वैद्यकी शिकलेली नाही. तरी मी पेटीतून सिटीरिझीनची पट्टी काढली आणि तिच्या आईच्या हातात दिली. पंधरा दिवसांनी गेले तेव्हा शिंका थांबल्या होत्या. मी वहीत लिहिले, "आराम आहे."

आई म्हणाली, "ताई, शिंका गेल्या. पण रात्री हिच्या छातीत मांजर बोलतं."

मी म्हणाले, "गोळी चालू ठेवा, हळूहळू तेही जाईल."

हे वाक्य माझे आहे. ते मी कोणावर ढकलू शकत नाही.

होळी झाली. आमच्याकडे होळीनंतर मोह गळायला लागतो. फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवून जागा साफ करतात. त्या दिवसांत सगळ्या डोंगरावर धूर असतो. त्यात घरातली चूल, खिडकी नसलेले घर, एका कोपऱ्यात शेळ्या. रात्री दोनच्या सुमारास तिचा भाऊ मला उठवायला आला. मी पोहोचले तेव्हा मुलगी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसली होती. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. नाव विचारले तर पूर्ण नाव एका श्वासात सांगता येईना. आणि छातीतले मांजर गप्प झाले होते. मला वाटले, बरे झाले, आवाज थांबला. नंतर कळले की तो आवाज असा थांबणे सगळ्यात वाईट. आवाज यायलाही थोडी हवा आत-बाहेर जावी लागते.

बांबूला चादर बांधून झोळी केली. चौघांनी ती दीड तास वाहिली, मग जीप, मग तालुक्याचे रुग्णालय. ऑक्सिजन लावला, नेब्युलायझर लावला, शिरेतून औषध दिले. सकाळी आठच्या सुमारास तिने पाणी मागितले. ती आता नववीत आहे आणि माझ्यापेक्षा वेगाने चढण चढते.

त्या सकाळी डॉक्टरांनी विचारले, "कोणतं औषध चालू होतं?" मी पिशवीतून पट्टी काढून दाखवली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे वाटले असते. त्यांनी केसपेपरची मागची कोरी बाजू घेतली आणि एक नळी काढली. पुढे जे सांगते आहे ते त्यांनी मला समजावलेले आणि त्यानंतर मी वाचून, विचारून पक्के केलेले आहे.

आपल्या श्वासनळीच्या अस्तरात मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. त्यांना मिरचीच्या पुडीने गच्च भरलेली पोती समजा. ज्याला ॲलर्जी आहे त्याच्या शरीराने धुळीतल्या किड्यांविरुद्ध, परागांविरुद्ध, जनावरांच्या कोंड्याविरुद्ध एक प्रतिद्रव्य तयार केलेले असते. त्याला आयजीई म्हणतात. ते या पोत्यांच्या बाहेरून चिकटून बसते. धूळ आत आली, आयजीईला लागली की पोते फुटते आणि पूड उडते. त्या पुडीतला एक पदार्थ म्हणजे हिस्टामीन. नाकात तो शिंका, खाज आणि पाणी आणतो. सिटीरिझीनसारखी गोळी काय करते? हिस्टामीन ज्या कुलपात शिरून काम करते त्या कुलपात ती आधीच जाऊन बसते. हिस्टामीन असते, पण त्याला दार उघडत नाही. म्हणून शिंका थांबतात. गोळी खोटी नाही. ती तिचे काम चोख करते.

पण पोत्यातून हिस्टामीन एकटे निघत नाही. ल्युकोट्राइन नावाची द्रव्ये तयार होतात. ती श्वासनळीभोवतीचे स्नायू हिस्टामीनपेक्षा कितीतरी जोराने आवळतात आणि जास्त वेळ आवळून ठेवतात. शिवाय निरोप जातात. रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पेशींना बोलावणे जाते आणि चार ते आठ तासांनी त्या येऊन पोहोचतात. म्हणून कितीतरी दमेकरी दुपारी धुळीत काम करून येतात आणि रात्री गुदमरतात. या पेशी अस्तराला इजा करतात, नळीच्या भिंती सुजतात, चिकट कफ साचतो. ही सूज म्हणजेच दमा. धाप हे वर दिसणारे टोक. ही सूज माणसाला बरे वाटत असतानाही आत असू शकते, आणि वर्षानुवर्षे तशीच राहिली तर नळी कायमची जाड आणि अरुंद होते.

सिटीरिझीन या सगळ्यात एकच कुलूप बंद करते. प्रयोगशाळेत तिचा इओसिनोफिलवर थोडाफार परिणाम दिसतो असे वाचले. पण रोजच्या मात्रेत तो दमा आटोक्यात ठेवण्याइतका नसतो, म्हणून दम्याचे औषध म्हणून ती कुठेही धरलेली नाही. नाकाच्या ॲलर्जीला ती योग्यच आहे, आणि नाक आणि छाती एकाच वाटेवर असल्याने नाकाकडेही लक्ष द्यावेच लागते. माझी चूक गोळी देण्यात कमी आणि गोळीवर थांबण्यात जास्त होती. शिंका गेल्या तशी आम्हा सगळ्यांची काळजीही गेली, आणि सूज आत वाढत राहिली.

डॉक्टर हे सांगत होते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर दुसरीच एक बाई होती. ऊसतोडीला दरवर्षी गुजरातेत जाणारी. त्याच्या आदल्या वर्षी ती तिकडेच गेली, म्हणजे वारली. "दम्याने गेली," सगळे म्हणाले, जसे आपण म्हातारपणाने गेली म्हणतो तसे. ती जेमतेम पस्तिशीची होती. मी तिच्या घरी जाऊन प्रार्थना केली होती. तिलाही दोन हंगाम मी हीच पट्टी दिली होती, जाताना बरोबर असावी म्हणून. गोळीमुळे ती गेली असे मी म्हणत नाही. माझ्याकडून तिला एवढेच मिळाले होते, इतकेच सांगते. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे 13 टक्के आपल्या देशात आहेत, आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी 40 टक्क्यांहून अधिक. हे आकडे वाचले तेव्हा मला ती बाई त्यात कुठेतरी बसलेली दिसली.

आता दुसऱ्या गोळीकडे येते, कारण ती तुमच्या घरात नक्की असणार. मॉन्टेलुकास्ट. बहुधा लिव्होसिटीरिझीनबरोबर एकाच गोळीत मिळते. ती ल्युकोट्राइनचे कुलूप बंद करते. त्यामुळे सूज काही प्रमाणात खरोखर कमी होते आणि काही मुलांना तिचा चांगला उपयोग होतो. पण सूज उतरवण्यात ती ओढून घ्यायच्या औषधाच्या मागेच राहते. शिवाय 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने तिच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. काही जणांना वाईट स्वप्ने पडतात, मन उदास होते, स्वभाव बदलतो, आत्महत्येचे विचार येतात. तेव्हा उरलेली पट्टी शेजारच्या मुलाला देऊ नका. पेटीतही टाकू नका.

मास्ट पेशींचे पोते फुटूच नये म्हणून औषध शोधणाऱ्या एका माणसाची गोष्ट मला फार आवडते. डॉ. रॉजर अल्टून्यान. त्यांचा जन्म 1922 चा, सीरियातल्या अलेप्पो शहरातला. वडील तिथे डॉक्टर होते. रॉजर यांना स्वतःला दमा होता. इंग्लंडमध्ये औषधावर काम करताना त्यांनी गिनीपिगच्या केसांतला कोंडा मुद्दाम हुंगून स्वतःला दम्याचा झटका आणायचा आणि आधी घेतलेले औषध तो अडवते का हे मोजायचे, असे वर्षानुवर्षे केले. खेल्ला नावाची एक वनस्पती पूर्वेकडच्या भूमध्य प्रदेशात जुन्या काळापासून औषधात वापरतात. तिच्यातल्या द्रव्यापासून सुरुवात करून 1965 मध्ये सोडियम क्रोमोग्लायकेट हाती आले. ते पोत्याचे तोंड घट्ट बांधून ठेवते. ते ओढून घेण्यासाठीचे उपकरणही त्यांनीच बनवले. महायुद्धात ते वैमानिक होते, त्यामुळे आत पंख्यासारखे फिरणारे पाते बसवायचे त्यांना सुचले. औषधाचा जोर कमी, दिवसातून तीन-चार वेळा घ्यावे लागते, आणि पोते फुटल्यावर उपयोग नाही. म्हणून आज ते मागे पडले आहे. पण स्वतःच्या छातीवर इतके झटके घेणारा माणूस आठवला की मला माझ्या वहीतले ते "आराम आहे" जास्तच बोचते.

सूज खरोखर उतरवते ते श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड. बेक्लोमेथासोन 1972 मध्ये ब्रिटनमध्ये आले, नंतर ब्युडेसोनाइड आणि इतर. हे औषध एकेका कुलपाच्या मागे लागत नाही. ते पेशीच्या आत, केंद्रापर्यंत जाते आणि सूज आणणारी द्रव्ये बनवायचा हुकूमच बंद करते. इओसिनोफिल कमी होतात, कफ कमी होतो, भिंती उतरतात. पण यात एक अडचण आहे. हे एका रात्रीत होत नाही. काही दिवस, कधी काही आठवडे रोज घ्यावे लागते, आणि पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही. उलट सॅल्ब्युटामॉलचा तो निळा पंप ओढला की पाच मिनिटांत आवळलेले स्नायू सैल होतात, माणूस हसायला लागतो. साहजिकच लोक निळा ठेवतात आणि दुसरा टाकतात. निळ्याने सूज रतिभरही उतरत नाही. म्हणूनच 2019 पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शनात मोठी माणसे आणि किशोरवयीन मुले यांनी केवळ निळ्या पंपावर राहू नये असे सांगितले आहे. आमच्याकडे अजून कितीतरी जण निळ्यावरच आहेत, आणि काहींकडे तोही नाही.

"स्टेरॉइड" म्हटले की तुमच्यातल्या काहींच्या कपाळावर आठी आली, ती मला इथून दिसते आहे. हिशेब सांगते. ओढून घ्यायची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. सकाळी 200 आणि संध्याकाळी 200 घेतले तर दिवसाचे 400. प्रेडनिसोलोनची 5 मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे 5000 मायक्रोग्रॅम, आणि ती सगळ्या शरीरात फिरते. दोन औषधे वेगळी आहेत, तेव्हा हा हिशेब तंतोतंत धरू नका, पण अंदाज यावा. बाजाराच्या दिवशी कागदाच्या पुडीत नाव नसलेल्या गोळ्या मिळतात, घेतल्या की दोन तासांत दम जातो आणि सहा महिन्यांत तोंड भोपळ्यासारखे सुजते. पुष्कळदा त्या गोळ्याच स्टेरॉइडच्या असतात. त्या खायला कोणी घाबरत नाही. पंपाला मात्र सगळे घाबरतात.

आणि हे आदिवासी पाड्यावरचेच दुखणे आहे असे समजू नका. "पंपाची सवय लागते," हे मी पाड्यावर जितक्यांदा ऐकले तितक्यांदा याच आवारात ऐकले आहे. मुलीचे लग्न ठरेपर्यंत पंप कपाटात लपवणारी आई आपल्याच मंडळीत मला भेटली आहे. एका वडील मंडळींनी मला विचारले होते की रोज पंप घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे का. मी त्यांना म्हणाले, तुम्ही चष्मा घालूनच पवित्र शास्त्र वाचता ना? ते हसले. लूक वैद्य होता, हे त्यांनीच मग मला सांगितले.

आता आम्ही काय करतो ते थोडक्यात. मी स्वतः औषध देणे बंद केले आहे. धाप, रात्रीचा खोकला, छातीतला आवाज असे काही कळले की आशाताई नाव लिहिते आणि त्या माणसाला आम्ही डॉक्टरांपर्यंत नेतो, मग शिंका थांबलेल्या असोत वा नसोत. डॉक्टरांनी पंप लिहून दिला की तो घ्यायला शिकवणे हे आमचे काम. ते वाटते त्यापेक्षा कठीण आहे. एक आजी महिनाभर कॅप्सूल यंत्रात न घालता पाण्याबरोबर गिळत होत्या आणि मला सांगत होत्या की तुमच्या औषधाला गुण नाही. त्यांचे बरोबरच होते. कॅप्सूल गिळायची असते हे त्यांना आयुष्यभर आम्हीच शिकवले होते.

लहान मुलांना पंप दाबणे आणि श्वास ओढणे एकाच वेळी जमत नाही. औषध जिभेवर आणि घशात बसते. त्यासाठी मध्ये एक पोकळ नळकांडे लावतात, स्पेसर. तो विकत घ्यायचा तर आमच्या घरांना परवडत नाही. पण 1999 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी लॅन्सेट या नियतकालिकात एक अभ्यास छापला. दम्याचा झटका आलेल्या मुलांना 500 मिलिलिटरच्या साध्या प्लास्टिकच्या बाटलीतून औषध दिले. तिचा गुण विकतच्या स्पेसरइतकाच आला. बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचे भोक तापलेल्या तारेने पाडायचे, पंप घट्ट बसवून फट बुजवायची, आणि बाटलीचे तोंड मुलाच्या तोंडात. पंप हलवून एकच दाब, मग पाच-सहा संथ श्वास. थोडे थांबून दुसरा. स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. आमच्या त्या मुलीचा भाऊ, तोच जो रात्री धावत आला होता, आता तार तापवून भोके पाडण्यात सगळ्यांत पटाईत झाला आहे. मी पाडले की पंप डुगडुगतो.

धूर आहेच. चुलीच्या वर भिंतीत झरोका पाडायला दोन घरे तयार झाली आहेत. मोहाखाली आग न लावता जुनी लुगडी आणि जाळ्या पसरून फुले गोळा करायचे कोणी कोणी करून पाहतात. या कामाला वेळ लागेल, आणि मोहावर ज्यांचे वर्षाचे मीठ-तेल चालते त्यांना मी शहाणपण शिकवणार नाही.

तुमच्याकडून काय हवे, ते सांगून बसते. ॲलर्जीच्या गोळ्या पाठवणे थांबवा. त्या आमच्या आरोग्य केंद्रात मिळतात. त्या पैशांत डॉक्टरांनी नाव घालून लिहून दिलेले स्टेरॉइडचे पंप आम्ही जिल्ह्याच्या दुकानातून घेऊ. पावती आणि मोजदाद दर अंकात छापली जाईल. उरलेले, अर्धे वापरलेले पंप मात्र पाठवू नका, आत किती उरले आहे ते कळत नाही.

आणि बाटल्या. अर्ध्या लिटरच्या, पाण्याच्या किंवा सरबताच्या, चेपलेल्या नकोत. साबणाच्या पाण्यातून काढा आणि उलट्या ठेवून निथळू द्या. फडक्याने आतून पुसू नका, पुसले की प्लास्टिकवर विजेचा भार येतो आणि औषध भिंतीला चिकटते. झाकणे ठेवून घ्या, आम्हाला लागत नाहीत. पोती भवनाच्या मागच्या ओसरीत ठेवली आहेत. जीप शनिवारी दुपारी निघते.